आईची पापणी आणि तीन नंबरचं मशीन

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला की पलीकडून गुणगुण ऐकू येते. पलीकडे अंडी उबवण्याचं केंद्र आहे. तिथे तीन मशीन आहेत, कपाटासारखी उभी, पण प्रत्येकात आमचं अख्खं स्वयंपाकघर मावेल. आत ट्रेवर ट्रे आणि ट्रेमध्ये अंडी. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. कोंबडीचा पत्ताच नसतो. कोंबडीचं काम माझी आई करते, असं बाबा म्हणतात, आणि आई त्यांच्याकडे बघते तेव्हा लगेच "असो" म्हणतात. बाबांचं प्रत्येक वाक्य "असो"वर संपतं. भांडणसुद्धा.

मशीनमधलं तापमान साडेसदतीस अंश लागतं. एखादा अंश इकडे किंवा तिकडे, आणि तो फार वेळ राहिला, की अंड्यातला जीव जातो. प्रत्येक मशीनच्या दारावर लाल आकड्यांचं मीटर आहे. पण खरं मीटर म्हणजे आई. ती मधल्या ट्रेतलं एक अंडं उचलते, डोळा मिटते, अंड्याची जाड बाजू पापणीवर टेकवते आणि मनात तीन आकडे मोजते. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, तिला अर्धा अंशसुद्धा कळतो. मग म्हणते, "बरोबर आहे." नाहीतर, "चढलंय जरा." जुन्या मालकांनी तिला हे शिकवलं त्याला एकोणीस वर्षं झाली. मधे दोनदा मीटर खोटं ठरलं आणि आई खरी. तेव्हापासून मॅनेजर साहेब पाहुण्यांना आईसमोर उभं करतात आणि पोटावरचा पट्टा वर ओढत सांगतात, "म्हणजे कसं आहे ना, मीटरला आपण विचारतो. पण ताईंना आपण मानतो. म्हणजे मानतोच."

हे साहेबांचं वाक्य मी इतकं हुबेहूब म्हणते की एकदा पलीकडच्या हमालाने दाराआडून "आलो साहेब" म्हटलं होतं.

आम्ही राहतो त्या खोल्या पण त्या पापणीच्याच. मशीनरूम बघणारा माणूस जवळ हवा, म्हणून मशीनरूमवाल्याला भिंतीलगतच्या या दोन खोल्या मिळतात. मशीनरूम गेली की खोल्या गेल्या. हे कुणी कधी बोलत नाही. बोलायची गरज पडली नव्हती.

गेल्या वर्षी घरात खिडकीवरून भांडणं सुरू झाली. बाहेर गारठा, बाबा दोन स्वेटर घालून बसलेले, आणि आई सटकन उठून खिडकी सताड उघडायची.

"अगं, लाव ती."

"माझ्या अंगाचा भडका उडालाय."

"मग पाणी मार. खिडकी कशाला उघडतेस? असो."

आई ओला टॉवेल मानेवर टाकून थेट फरशीवर बसायची, पाठ भिंतीला लावून. दहा मिनिटांनी तीच दातावर दात आपटत शाल मागायची. कधी सांडशीला किल्ली म्हणायची. कधी मला हाक मारायला तोंड उघडायची आणि माझं नावच तिला आठवायचं नाही. मग मलाच रागवायची, जणू मीच ते लपवून ठेवलंय. पाळी महिन्यात दोनदा यायची, मग तीन-तीन महिने पत्ता नाही. हे तिने सांगितलं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात काय लपतं?

भिंतीपलीकडे मात्र लपवावं लागत होतं. तिथे पिल्लं निवडणाऱ्या एक काकू आहेत. नर एका पाटीत, मादी दुसऱ्या पाटीत. हात इतका चपळ की बघणाऱ्याचे डोळे फिरतात. काकू प्रत्येक शब्द दोनदा म्हणतात, कारण पिल्लांच्या कलकलाटात पहिला कुणाला ऐकूच जात नाही.

"ताई, तोंड लाल लाल झालंय तुमचं!"

"मशीनजवळ उभी होते."

"मशीन तर आज धुवायला बंद बंद आहे!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. पण घरी आल्यावर तिने मला विचारलं, "खरंच इतकं दिसतं का गं?"

मी म्हटलं, "टोमॅटो."

एरवी तिने पाठीत धपाटा घातला असता. त्या दिवशी नुसती आरशात बघत राहिली.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, म्हणून माहीत आहे. दोन नंबरच्या मशीनची अंडी सात दिवसांची होती. सकाळी आईने अंडं पापणीला लावलं तर गार. मीटर साडेसदतीस दाखवत होतं. पण मीटर आधीही खोटं बोललं होतं. आईने खटका फिरवून अर्धा अंश वाढवला. दुपारी पुन्हा लावलं, पुन्हा गार. पुन्हा अर्धा अंश. तिची पापणी तेव्हा स्वतःच तापलेली होती. छातीतून झळ निघून मानेवर आणि मानेवरून कानशिलांवर चढत होती, आणि अशा तापलेल्या कातडीला ऊबदार अंडंसुद्धा गारच लागणार, हे तिच्या डोक्यात आलं नाही. एकोणीस वर्षांत पापणी एकदाही चुकली नव्हती, मग असा विचार तरी का करावा?

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडी दिव्यावर धरून बघायची होती. जिवंत अंड्यात लाल शिरा झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या दिसतात आणि मधे एक ठिपका हलतो. मेलेल्यात शिरा नसतात. नुसतं एक लाल कडं दिसतं. आईने पहिलं अंडं धरलं, कडं. दुसरं, कडं. पाचवं जिवंत निघालं, मग पुन्हा कडं, कडं, कडं. तिने गुपचूप मशीनचं तापमान खाली आणलं आणि नोंदवहीत लिहिलं, "अंडी शिळी आली होती."

आईने आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं, असं मी म्हणणार नाही. माझ्या शाळेच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या तीच लिहिते. पण यावेळी तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून ती डॉक्टरकडे गेली आणि मला सोबत नेलं. डॉक्टरीणबाई नाकातून बोलत होत्या आणि बोलताना कॉम्प्युटरकडे बघत होत्या.

"वय?"

"अठ्ठेचाळीस."

"मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"पाळी जायच्या वेळेला होतं असं. घाबरायचं कारण नाही. शरीरात तापमान सांभाळणारं एक मीटर असतं म्हणा ना, ते या काळात जरा चुकीचं दाखवतं. अंगाला वाटतं फार गरम झालं, मग घाम काढून ते स्वतःला गार करायला बघतं. सुती कपडे घाला, चहा कमी करा, रोज चाला. झळ कधी येते, किती वेळ टिकते, ते वहीत लिहून आणा. या तपासण्या करून या, मग औषधाचं बघू."

बाई खूप काही चांगलं सांगत होत्या. आई "मीटर"वरच थांबली होती. तिने एकच विचारलं, "किती दिवस चुकीचं दाखवेल?"

"कुणाला दोन वर्षं, कुणाला सात."

रस्त्यावर आल्यावर मी बाईंची नक्कल केली, नाक चिमटीत धरून, "बग बरोबर आहे." आई हसली नाही. तिने माझा दंड धरला.

"हे पलीकडे कुणाला कळता कामा नये. काकूला तर अजिबात नाही. दोनदा दोनदा सांगेल ती सगळ्यांना."

"पण मग तू अंडी कशी बघणार?"

"मीटर आहे ना."

त्यानंतर मशीनरूममध्ये वेगळंच चालू झालं. आई आधीसारखंच अंडं उचलायची, आधीसारखंच पापणीला लावायची. एक डोळा मिटलेला आणि दुसऱ्याने लाल आकडे वाचायची. मग आधीसारखंच शांतपणे म्हणायची, "बरोबर आहे." बघणाऱ्यांना काही कळत नव्हतं. आईची नक्कल मला लहानपणापासून येते. आता आईसुद्धा आईची नक्कल करत होती, आणि माझ्यापेक्षा बरी.

एका सोमवारी तीन नंबरच्या मशीनचा पंखा दुरुस्त करायला मेकॅनिक आला. मशीन उघडायच्या आधीच त्याचं "झालं, झालं" असतं. तो आत घुसला, पंख्याचा पट्टा बदलला, "झालं, झालं" म्हणत गेला. त्यातली अंडी तेरा दिवसांची होती. दुपारी आईने अंडं पापणीला लावलं आणि तिला चटका बसला.

नेमकी तेव्हाच तिची एक झळ येऊन गेली होती. पाठ घामाने भिजलेली, अंगावर काटा, हात गार. गार कातडीला अंडं गरम लागणारच, तिने मनात हिशेब केला. मीटर साडेसदतीस दाखवत होतं.

"बरोबर आहे," आई म्हणाली.

मंगळवारी सकाळी पुन्हा चटका. यावेळी झळ आली नव्हती, घाम नव्हता, काहीच नव्हतं. आई मशीनसमोर उभी राहून झळ यायची वाट बघत राहिली. आली असती तर बरं झालं असतं, सगळं तिच्या अंगावर ढकलता आलं असतं. आली नाही. तिला वाटलं, मला आता कळतच नसेल कधी येते आणि कधी नाही. तिने दार लावलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी तिन्ही मशीनचे आवाज काढून दाखवत होते. बाबांना ते आवडतं. आतला हीटर चालू होताना "टक" होतं आणि बंद होताना पुन्हा "टक". "हे एक नंबर," मी म्हटलं, "म्म्म्म टक, म्म्म टक. दोन नंबर जरा सर्दी झालेलं, घ्म्म टक. आणि हे तीन नंबर, टक म्म्म्म्म्म्म्म्म..." माझा श्वास संपला तरी दुसरं "टक" येईना.

बाबा म्हणाले, "त्याचं बंद व्हायचं टक कुठे गेलं?"

"येतच नाही लवकर. कालपासून असंच करतंय."

आईचा घास हातातच राहिला. "पुन्हा काढ," ती म्हणाली.

मी पुन्हा काढला. तिने ताट सारलं, भिंतीला कान लावला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. बाबांनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. मशीन जुनं झालंय." पण ती भिंतीपासून हलली नाही. बाबांनी "असो" म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

त्याच वेळी पलीकडे जाऊन दार उघडायचं, एवढंच काम होतं. पण दार उघडून तिने विचारायचं कुणाला? स्वतःच्या पापणीला? ती काय सांगणार ते आईला ठाऊक होतं आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही हेही तिनेच ठरवलं होतं. दुसऱ्या कुणाची पापणी मागायची तर का मागतेय ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की या भिंतीच्या अलीकडची जागा गेली. आई बसून राहिली, पलीकडे हीटर चालू राहिला.

बुधवारी सकाळी ती गेली आणि निवडीच्या टेबलावरून काकूंना मनगट धरून ओढत आणलं.

"ताई, हात हात! पिल्लू आहे हातात!"

"ठेव ते. डोळा मीट."

"कशाला कशाला?"

"मीट म्हणते ना."

आईने तीन नंबरमधलं अंडं काढून काकूंच्या पापणीवर टेकवलं. काकू किंचाळल्या.

"भाजतंय!"

एकदाच म्हणाल्या. म्हणून आईला खात्री पटली.

"नीट सांग गं. गरम आहे का मलाच वाटतंय? माझी पाळी जायला आलीय, दिवसभर अंगातून झळा येतात. मला गार-गरम कळेनासं झालंय. मला माझा भरवसा राहिला नाही."

दारात मॅनेजर साहेब उभे होते. पट्टा वर ओढायला नेलेला हात तसाच पट्ट्यावर.

मशीन उघडलं. तापमान मोजणारी वायर पंख्याचा पट्टा बदलताना क्लिपमधून सुटली होती आणि बाहेरची हवा आत येते त्या भोकासमोर लोंबत होती. तिला गार वारा लागत होता, म्हणून मीटर समाधानी होतं, आणि हीटर बिचारा वायरीला ऊब देण्यासाठी अंडी शिजवत होता. वरच्या ट्रेमधली अंडी दिव्यावर धरली. आत पिल्लाएवढी सावली होती आणि ती हलत नव्हती. काकूंनी एक अंडं टिचकी मारून बघितलं, मग दुसरं, मग हात पदराला पुसला आणि पुन्हा टिचकी मारली नाही. खालचे दोन ट्रे त्या भोकाजवळ होते म्हणून वाचले.

"गरम कधीपासून लागत होतं?" साहेबांनी विचारलं.

"सोमवारपासून."

"आज बुधवार आहे."

"हो. आणि दोन नंबरची अंडी शिळी नव्हती. तेही मीच."

साहेबांनी हात पट्ट्यावरून खाली घेतला. त्यांच्या तोंडून एकही "म्हणजे" आलं नाही. मग ते आईकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून तुम्ही निवडीला बसा. मशीनरूम काकू बघतील. नवीन मीटर मागवतो. खोल्यांचं... महिनाअखेरपर्यंत बघा."

बाबांनी दुसऱ्याच दिवशी खोकी आणली. मी माझी पुस्तकं भरली. आई निवडीच्या टेबलावर शिकाऊ बाईसारखी बसायला लागली. नर कुठला, मादी कुठली, तिला पटकन कळत नव्हतं, आणि तिथल्या पोरी तिच्या पाटीत हात घालून चूक दुरुस्त करायच्या. झळ आली की आता ती लपवत नव्हती. टेबलाखालून वही काढायची आणि लिहायची: दहा वाजून पाच, सहा मिनिटं, मग गार, अकरा मिनिटं. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवायला का? म्हणाली, "आधी मलाच बघायचंय."

नवीन मीटर आलं, तिन्ही मशीनला बसलं. सगळं ठीक चाललं आणि तेच मला आवडत नव्हतं. भिंतीपलीकडे काकूंचा आवाज वाढत चालला होता. "बघू बघू! दार लाव लाव!" घाबरलेलं माणूस स्वतःला धीर देताना असा आवाज काढतं.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मी खोकी बांधायला सुतळी मागायला पलीकडे गेले, तेवढ्यात काकू मशीनरूममधून धावत निवडीच्या टेबलाशी आल्या. मागे साहेब.

"ताई, चला चला! नवीन मीटर बरोबर दाखवतंय आणि अंडी गार गार! एक नंबरची. अठरा दिवसांची भरलेली अंडी आहेत हो! वाढवू का? वाढवू?"

आई उठली नाही. तिची मान लाल झाली होती, कानांपर्यंत.

"खटक्याला हात लावलास?"

"नाही अजून, नाही."

"लावू नकोस. आणि मलाही आत्ता नेऊ नका. मला झळ आलीय."

टेबलाभोवतीच्या सगळ्या बायकांचे हात थांबले. हे वाक्य तिथे आजवर कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. पिल्लं तेवढी ओरडत होती.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"सहा मिनिटं ही. मग अंग गार पडतं, ती अकरा. तेव्हा लावलं तर गरम लागेल, तेही खोटं. त्यानंतर बघते."

"म्हणजे सतरा मिनिटं? ताई, आत अंडी आहेत!"

"त्या सोमवारची पण होतीच, साहेब. तेव्हा मी थांबले नाही, नुसती लपले."

साहेबांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसून घड्याळ बघायला लागले. काकू पदराने वारा घेत येरझाऱ्या घालत होत्या. मशीनची गुणगुण मला या वेळी भिंत मधे न येता ऐकू येत होती, आणि ती बरोबर आहे की नाही ते मला सांगता येत नव्हतं. नव्या मीटरने टकटक आवाजच बंद केला होता. नवव्या मिनिटाला आईला हुडहुडी भरली. कुणीतरी तिच्या खांद्यावर गोणपाट टाकलं. चौदाव्याला साहेब उठून दारापर्यंत गेले आणि परत आले.

सतरा मिनिटं झाली. आईने अजून दोन घेतली. मग तोंड पुसलं, आत गेली, मधल्या ट्रेतलं अंडं उचललं, पापणीला टेकवलं. दोन्ही डोळे मिटलेले. दुसरं अंडं. तिसरं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मीटरही बरोबर आहे."

"पण मला गार लागलं, ताई! शप्पथ गार!"

आईने तेच अंडं काकूंच्या पापणीवर ठेवलं. "आता?"

काकूंनी ओठ हलवत तीन मोजले. "आता... बरोबर लागतंय." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पोलक्याचा गळा ओला झाला होता. आईने तिकडे बघितलं, मग त्यांच्या कानांकडे, मग परत तोंडाकडे.

"तुला वय किती गं?"

"चव्वेचाळीस," काकू म्हणाल्या. एकदाच.

साहेब आईकडून काकूंकडे आणि काकूंकडून मीटरकडे बघत राहिले. तिघांपैकी कुणाला मानायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी पट्टा वर ओढून ते म्हणाले, "म्हणजे... ताई, महिनाअखेरीचं ते तूर्त राहू दे. तुम्ही दोघी आत थांबा."

"दोघी," आई म्हणाली, "आणि एकीला झळ आली की दुसरीनं बघायचं."

"आणि दोघींना एकदम आली तर?" साहेबांनी विचारलं.

 आईने काकूंना स्टुलावर बसवलं, वहीचं कोरं पान फाडून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आत्ताची वेळ लिही. खरी लिही."